फ्रिजमधले चार अंश

हिवताप कार्यालयातल्या तपासनीस बाईंना सगळे डासबाई म्हणत, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. काळजी वाटत होती ती धाकट्या बहिणीची. तिला सातवा महिना लागला होता आणि तिच्याच गल्लीत हिवतापाचे दोन रुग्ण निघाले होते. फवारणी साहेबांच्या सहीवाचून होणार नव्हती, आणि साहेब हवामानाचा कागद पुढे करून मोकळे होत होते.

“बाहेर पंधरा अंश आहे, बाई. एवढ्या गारठ्यात डासाच्या पोटात जंतू पिकत नाही. तुम्हीच सांगितलंत ना?”

“पण डास बाहेर बसतोय कशाला, साहेब? चावून झालं की तो कपाटामागं, खुंटीवरच्या कपड्यांत दडी मारतो. तिथली ऊब मोजू या.”

साहेब कसेबसे कबूल झाले. डासबाईंनी गल्लीतल्या दहा घरांत तापमान टिपणारी काडेपेटीएवढी दहा यंत्रं लपवली. आठ दिवसांनी शिपाई घरोघर जाऊन ती परत घेऊन आला. नऊ यंत्रांत तेवीस-चोवीस अंश निघाले. बहिणीच्या घरातल्या दहाव्यात निघाले चार.

साहेबांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

“चार अंशांत तुमची बहीण एव्हाना गोठली असती. एक यंत्र असं, तर बाकीच्यांचा काय भरवसा? पुन्हा आठ दिवस मोजा.”

तेवढ्या दिवसांत गल्लीतल्या डासांच्या पोटात जंतू पिकून तयार झाले असते. डासबाई तडक बहिणीकडे गेल्या. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं.

“मावशी, यंत्र मी फ्रिजच्या मागं ठेवलं होतं.”

“मागं काय तापतं गं तिथं. नाजूक वस्तू, बिघडली तर तुझ्यावरच यायचं. मी आत ठेवली, दुधाच्या पातेल्याशेजारी.”

डासबाईंनी कपाळाला हात लावला. मावशींच्या चेहऱ्यावर मात्र केवढं समाधान होतं. त्यांना रागवायचं तरी कसं?

“हेच साहेबांना सांगायला येता?”

मावशी लुगड्याच्या निऱ्या नीट करून निघाल्या. साहेबांच्या खोलीत टेबलाखाली हीटर चालू होता. साहेबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“बाकीच्या नऊ घरांतही अशा मावशी असतीलच.”

“असतील. पण फ्रिजमागं ऊब असते हे आमच्या मांजरीलाही कळतं. दिवसभर तिथंच लोळत असते.” मावशींची नजर खुंटीकडे गेली. “हा कोट तुमचाच का?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी डासबाईंच्या हातातलं यंत्र घेऊन कोटाच्या बाहीत सरकवलं आणि चहा मागवला. चहा संपल्यावर डासबाईंनी यंत्र काढून आकडा दाखवला. चोवीस. मावशींनी कोट चांगला झटकला. आतून तीन डास निघाले. दोन खिडकीकडे गेले, एक हवामानाच्या कागदावर जाऊन बसला.

साहेबांनी डासासकट तो कागद बाजूला सारला. मग त्यांनी फवारणीचा कागद ओढून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत फवारणीचा पंप आला. पोटावर हात ठेवून बहीण शेजारणीच्या ओट्यावर बसली होती. तिला बघून डासबाईंचे डोळे भरून आले. साहेबांकडून निघताना मावशींनी उचललेलं यंत्र त्यांनी परत मागितलं.

मावशींनी ते कमरेला घट्ट खोचलं.

“राहू दे माझ्याकडे. दोन-तीन महिन्यांनी बाळाच्या अंथरुणात ठेवीन. फ्रिजमध्ये नाही ठेवत.”