पानमळ्याकडची खोली

अमरावतीच्या राजापेठेतल्या डॉक्टर चारुताच्या दवाखान्यात गजकर्णाचे पेशंट काही नवे नव्हते. उन्हाळा असो की हिवाळा, बाकावरचे निम्मे लोक खाजवतच बसलेले असत. बऱ्याच जणांच्या खिशात मेडिकलमधून परस्पर आणलेली ट्यूब असे. त्या ट्यूबेत स्टिरॉइड असायचं. लावलं की खाज थांबायची, चट्टा फिका पडायचा, आणि बुरशी मात्र आतल्या आत हातपाय पसरायची. चारुता मूळची अकोल्याची, बोलायला फटकळ. "ही ट्यूब आधी कचऱ्यात टाका," हे तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

संक्रांतीनंतर अंजनगाव सुर्जीहून जमुनाबाई आल्या. सोबत सात-आठ वर्षांची नात आचल आणि मुलगा किशोर. किशोर आत आलाच नाही, पूर्ण बाह्यांच्या शर्टात दारापाशी उभा राहिला. जमुनाबाईंनी उजवं मनगट टेबलावर ठेवलं. मनगटाच्या वरच्या अंगाला एका रांगेत चार गोल चट्टे होते आणि खालच्या अंगाला एक, जरा मोठा. कडा लाल, उठलेल्या. मध्ये कातडी कोरडी आणि स्वच्छ.

"गजकर्ण आहे, आजी," चारुता म्हणाली.

"गजकर्ण मले बी समजते, बाई. पण ते कुठी उठलं ते पाहा."

जमुनाबाईंनी डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवली. चार वर, अंगठा खाली. पाचही चट्टे बोटांखाली झाकले गेले.

"पोळ्याच्या वक्ताले माही सून गेली. रागिणी. पानमळ्यात पानं खुडून राहिली होती, सापानं धरलं. गाडी करून इकडंच आणत होतो तिले. सारा रस्ताभर तिनं माह्या मनगटाले अशी मिठी घातली होती. दर्यापूरच्या पुढं सुटली मिठी." त्यांनी मनगटावरची बोटं उचलली. "जिथं धरलं तिथंच उठलं हे."

चारुताने अशा गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या. कातडीवर उठलेल्या गोष्टीचा माणूस काहीतरी अर्थ लावतोच. तिने बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला, वर औषधाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. बुरशीचे तंतू झाडाच्या बारीक मुळ्यांसारखे आडवेतिडवे पसरलेले होते. शंकेला जागाच नव्हती.

मग आचलची पाळी. तिच्या टाळूवर रुपयाएवढ्या जागेतले केस कातडीलगत तुटले होते. चारुताने खोलीतले दिवे बंद केले, पडदा ओढला आणि बुरशी तपासायचा जांभळा दिवा पोरीच्या डोक्यावर धरला. काळोखात ती जागा हिरवी उजळली. तुटक्या केसांची खुंटं कोवळ्या गवतासारखी चमकू लागली.

जमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अरे बाप्पा!"

"घाबरू नका. एका जातीची बुरशी या दिव्यात अशीच चमकते. बरी होते." चारुताने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "इथं खाजवतं का गं?"

"नाई," आचल म्हणाली. "तिथं आई कुरवाळते."

चारुताने दिवे लावले तेव्हा दारातला किशोर बाहेर निघून गेला होता.

तिने दोघींना गोळ्या दिल्या, टॉवेल वेगवेगळे ठेवायला सांगितले, कपडे उन्हात उलटे करून वाळवायला सांगितले. पोरीचे काही केस उपटून तिने अकोल्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवले. बुरशी उगवून तिची जात कळायला काही आठवडे लागतात. अहवाल आला तेव्हा चारुताला हायसंच वाटलं. ही मांजरांच्या अंगावर राहणारी बुरशी होती. म्हणजे घरात मांजर असणार, झालं.

जमुनाबाई पुन्हा आल्या तेव्हा जुने चट्टे सुकत आले होते, पण आचलच्या मानेवर नवे उठले होते.

"घरात मांजर आहे का तुमच्या?"

"होतं. रागिणीचं होतं. पांढरं. तिच्या उशाशीच झोपे."

"आता कुठं आहे?"

"आता नाई."

"मग नवे चट्टे येतात कुठून? औषध तर बरोबर लागू पडतंय. कुठंतरी त्याचे केस पडले असतील. बिछाना, सतरंजी, काहीतरी."

"तिची खोली बंद हाय. पानमळ्याकडची. कुलूप मीच लावलं, चावी माह्याच कमरेले असते. कोणी जात नाई तिथं."

दारातून किशोर खालच्या आवाजात म्हणाला, "चल न आई, गाडी जाईन आपली."

अंजनगावात चारुताच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे अधूनमधून त्वचारोगाचं शिबिर असे. चैत्राच्या सुरुवातीला ती तिथे गेली आणि शिबिर आटोपल्यावर पत्ता विचारत जमुनाबाईंच्या घरी पोचली. तो हातात धरायचा जांभळा दिवा आणि हातमोजे तिने पिशवीत घेतलेच होते. ऊन टळटळीत होतं, पण घरामागच्या पानमळ्यात शिरल्याबरोबर अंगावर गारवा आला. शेवरीच्या उंच झाडांना वेली बिलगलेल्या, खाली ओली काळी माती आणि दिवसाही संध्याकाळ झाल्यासारखा हिरवट अंधार. कुठेच पक्षी बोलत नव्हता.

"उघडा ती खोली," ती म्हणाली.

जमुनाबाईंनी कमरेची चावी काढली. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. दार उघडलं आणि चारुताच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे की आत कोंदट वास नव्हता. आत खोबरेल तेलाचा वास होता.

पानमळ्याकडच्या भिंतीत एक खिडकी होती, तिची दारं लोटलेली. पलंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी अंथरलेली. चारुताने दार ओढून घेतलं. खोलीत काळोख झाला तसा तिने दिवा लावला.

साबणाचा अंश राहिलेलं कापड या दिव्यात निळसर पांढरं दिसतं, ते ती ओळखत होती. हे ते नव्हतं. गोधडीवर बारीक हिरवे केस चमकत होते, शेकड्यांनी. उशीजवळ त्यांचा एक गोल झाला होता, मांजर अंगाचं वेटोळं करून बसतं तेवढा. त्या गोलाच्या शेजारी माणसाच्या लांबीची एक जागा तेवढी अंधारी होती. तिथे केस नव्हते. कोणीतरी कुशीवर निजलं होतं आणि केस त्याच्या कडेकडेने पडत गेले होते. त्या जागेच्या पोटाशी आणखी एक लहान जागा होती, लेकरू निजतं तेवढी.

जमुनाबाईंनी चारुताचा दंड घट्ट धरला. "बाई, मी सांगत नव्हती?"

चारुताने स्वतःला सावरलं. तिने दिवा फिरवला. हिरवे ठिपके पलंगावरून जमिनीवर, जमिनीवरून खिडकीच्या चौकटीवर आणि तिथून बाहेर गेले होते. खिडकीची कडी निघालेली होती. भुतांना खिडकीची कडी काढावी लागत नाही, एवढा विचार तिला करता आला. तिने हातमोजा चढवला आणि उशीजवळच्या त्या गोलावर तळहात टेकवला.

जागा गरम होती. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी, मोज्यातूनही कळावी इतकी गरम. आजूबाजूची गोधडी गार होती.

तिने हात मागे घेतला. तेवढ्यात खोलीत उजेड आला. दार उघडून किशोर उभा होता.

"मी येतो," तो म्हणाला. "आई, मी येतो इथं. आचलले घेऊन येतो."

त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मनगटापासून दंडापर्यंत चट्ट्यांत चट्टे, कड्यांत कडी उठलेली. बोटांची नखं पिवळी पडून जाड झाली होती. इतके महिने हा माणूस दवाखान्याच्या दारातून आत का येत नव्हता, ते चारुताला आता कळलं.

"काहून रे?" जमुनाबाईंचा आवाज फुटला. "खिडकीतून? चोरावानी?"

"तुले मांगितली असती चावी तर तू देली असती काय? दिवस बुडता बुडता ते येते, आई. खिडकीतून. तिच्या जाग्यावर बसते. मंग पोरीचं डोकं चाटते. पोरगी झोपेत आई आई करते आन हासते." तो गोधडीकडे बघत होता. "दिवसभर हासत नाई ती. कसं हाकलू त्याले मी?"

चारुताला आता सगळं जुळत होतं. मांजर जिवंत होतं, मळ्यात राहात होतं. त्याच्याकडून बापलेकीला लागण झाली, आणि रात्री आजीच्या मनगटावर डोकं ठेवून झोपत असणाऱ्या नातीकडून आजीला. तिने तिथेच, अंगणात खाटेवर बसून किशोरची नखं कातरून कागदात घेतली. गोळ्या लिहून दिल्या. नखाला वेळ लागेल, नवं नख मुळापासून वाढून वर येईपर्यंत धीर धरायचा, मध्येच औषध सोडायचं नाही, असं दोनदा बजावलं. गोधडी जाळायची गोष्ट काढताच किशोर उठून उभा राहिला.

"ते नाई होणार, मॅडम."

"बरं, जाळू नका. उकळत्या पाण्यात ब्लीचिंग घालून धुवा, पुन्हा धुवा, आणि या उन्हात टाका. खोली पुसून काढा. आणि ते मांजर पकडून जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. त्याच्यावर उपचार झाल्याशिवाय तुम्ही कोणी बरे होणार नाही."

जमुनाबाई तिला गाडीपर्यंत सोडायला आल्या. मळ्याच्या कडेला एका शेवरीपाशी त्या थांबल्या आणि मागे वळून किशोर दूर आहे ना ते बघितलं.

"मांजर कसं धरू, बाई?"

"वाटीत दूध ठेवा. येईल."

"तसं नाई." त्यांनी पायाच्या अंगठ्याने झाडाच्या बुडाशी माती दाखवली. तिथे एक चपटा दगड होता. "ज्या दिशी रागिणीले साप चावला त्याच दिशी मांजरालेबी चावला. तेच झपटलं असन त्याच्यावर. इकडं आमी तिची राख सावडून आलो, तं हे वेलीखाली ताठ पडलेलं. मीच पुरलं. माह्या हातानं. पोरगी रडन म्हणून सांगतलं नाई कोणाले."

चारुता त्या दगडाकडे बघत राहिली. बुरशीची बीजं गळालेल्या केसांवर वर्षभर, कधी त्याहूनही जास्त तग धरतात. एका गोधडीवरून सगळ्या घराला लागण व्हायला जिवंत मांजराची गरज नसते. हे तिने जमुनाबाईंना नीट समजावून सांगितलं. बाप दुःखात आहे, पोर झोपेत आहे, दोघांना जे हवं ते भासतं, हेही सांगितलं. सांगताना तिने उजवा हात ओढणीत गुंडाळून घेतला होता. तळहातावरचा तो गरमपणा तिने जमुनाबाईंना सांगितला नाही.

"किशोरला सांगणार का तुम्ही?" तिने विचारलं.

"नाई. काहून सांगू? पयले बरा तं होऊ द्या त्याले."

मग जमुनाबाईंनी गोधडी उकळली. चैत्रवैशाखाच्या उन्हात ती कडक होईपर्यंत वाळवली. खोली चुन्याने पोतारून तिला नवं कुलूप लावलं, आणि खिडकी किशोरने स्वतःच विटांनी बुजवली. आचलच्या टाळूवर आधी मऊ लव आली, मग केस. जमुनाबाईंचं मनगट स्वच्छ झालं. पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्यात गजकर्ण फुललं तेव्हाही त्या घरात कोणाला काही झालं नाही.

दिवाळीच्या जरा आधी किशोर एकटाच अमरावतीला आला. या खेपेला तो आत येऊन खुर्चीत बसला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याची नखं गुलाबी झाली होती, टोकाला फक्त पिवळी रेघ राहिली होती. चारुताने ती कातरून टाकली आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या.

तो उठला नाही. टेबलावर पालथे पडलेले आपले हात बघत बसला.

"मॅडम, ते मांजर आता येत नाई. अंगणात गोधडी टाकून पाहिली, मळ्यात निजून पाहिलं. दिसतच नाई कुठी." मग त्याने विचारलं, "औषधानं गेलं काय ते?"

बाहेर पेशंट खोळंबले होते, पुढचं नाव पुकारून झालं होतं.

"मला माहीत नाही, किशोर," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. "पोरगी विचारत होती," असं म्हणून तो उठला आणि बाहेर बसलेल्या माणसासाठी दार धरून उभा राहिला.