एरहायच्या काठावरची बाई

खुशालराव आणि मनकर्णा चीनला जाणार होते ते नितेश डॉक्टर झाल्यावर. अंजनगाव सुर्जीजवळ त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. फुलं अमरावतीच्या बाजारात जायची. नितेश युनान प्रांतात, दाली नावाच्या शहरात शिकत होता आणि फोनवर आईला रोज काहीतरी दाखवायचा. डोंगरावरचं बर्फ, खालचा एरहाय तलाव, जुनी पांढरी घरं.

"आई, या एका प्रांतात पंचवीस जमातीचे लोक रायतात. अन् इथल्या जमातीचं नाव काय हाय, मालूम? बाई! मानसं बी बाईच!" असं सांगून तो हसत सुटायचा.

शेवटच्या वर्षी तलावाकाठच्या रस्त्यावर त्याच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं.

नवराबायको दोन विमानं आणि एक रेल्वे बदलून दालीला पोचले. चेहरा पाहिला, तिथल्या भट्टीत अग्नी दिला. अस्थी घेऊन निघायचे कागद मात्र सोमवारशिवाय होणार नव्हते. नितेशच्या वर्गातली प्रतीक्षा, अकोल्याची पोरगी, त्यांच्यासोबत होती.

खोलीत बसून बसून दुसऱ्या दिवशी मनकर्णा म्हणाली, "मले तलाव पाह्याचा हाय."

"पोरगं गेलं अन् तुले फिराचं सुचून राहिलं?" खुशालराव ओरडला.

"तो दाखवनार होता. आता दाखवाले कोनी नाही, म्हनून पाहू नोको काय?"

तो गेला, पण गाडीत ताठ बसून राहिला. प्रतीक्षा हळू आवाजात सांगत होती. ते तीन उंच मनोरे हजार वर्षांपूर्वीचे. ही निळी कापडं गाठी मारून रंगवतात, काकू. पोरींच्या टोपीला पांढरा झुपका आहे ना, तो म्हणजे इथला वारा. मनकर्णा सगळ्याकडे नीट पाहत होती, कुणी काम सांगितल्यासारखं. काठावर एक नवरी पांढरा झगा पसरून फोटो काढून घेत होती. मागे पाणी इतकं निळं होतं की खुशालरावला त्याची चीड आली. एवढं चांगलं दिसायची काय गरज होती?

पुढे एका वळणावर प्रतीक्षानं गाडी थांबवली. "काका, इथंच."

रस्त्याकडेला एक म्हातारी काडीला गुंडाळलेले दुधाचे पापुद्रे निखाऱ्यावर भाजून विकत होती. प्रतीक्षानं तिला काही सांगितलं. म्हातारीनं हातातली काडी खाली ठेवली, उठली आणि मनकर्णाचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी नितेशजवळ तीच होती.

मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. रस्त्याकडे बोट केलं. येणाऱ्या गाड्यांना थांबवावं तसे दोन्ही हात हलवले, पुन्हा पुन्हा, आणि मान नकारार्थी हलवली. अंगावरचा निळा एप्रन सोडून जमिनीवर कुणाला पांघरल्यासारखा केला. खाली बसली, मांडीवर काहीतरी जड असल्यासारखे हात धरले, सूर्याकडे बोट दाखवलं आणि ते बोट हळूहळू डोंगरापर्यंत खाली आणलं.

प्रतीक्षा रडत होती.

"काय म्हनते?" मनकर्णानं विचारलं.

"म्हणते... लगेच गेला, काकू. त्याला काही कळलं नाही."

खुशालराव बाजारात अर्धं आयुष्य बोटांच्या इशाऱ्यांवर भाव करत आला होता. त्यानं प्रतीक्षाकडे पाहिलं. तिनं नजर खाली घातली. तो पुढे झाला, म्हातारीसमोर वाकला आणि तिच्या पायांना हात लावला. ती घाबरून मागे सरकली.

अस्थी पूर्णेत सोडून झाल्या. दिवस झाले. शेजारची चतुराबाई भेटायला आली आणि न राहवून विचारलं, "कसं होतं वं तिकडं?"

"लय चांगलं," मनकर्णा म्हणाली. डोंगर, मनोरे, निळी कापडं, टोपीचा झुपका, तिनं सगळं सांगितलं. चतुराबाई डोळे पुसत गेली.

खुशालराव मळ्यात होता. तोडायची राहिलेली शेवंती झाडावरच काळी पडत होती. मनकर्णा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"किती वेळ जिता होता तो?"

खुशालराव दचकला. "पोरीनं सांगतलं ना तुले."

"तुमालेच डोये हायेत काय? मी बी त्या बाईचे हात पाहून राहिली होती."

त्यानं काळं पडलेलं एक फूल खुडलं. मग म्हणाला, "दिवस बुडेपर्यंत."

"अन् कोनीच नाही थांबलं?"

"नाही."

"तिनं सोडलं नाही ना त्याले?"

"नाही. शेवटपर्यंत मांडीवर होता."

मनकर्णा होती तिथंच मातीत बसली. खुशालरावनं तिला उठवलं नाही. तोही तिच्या शेजारी बसला. बांधावर फुलं न्यायला अमरावतीची गाडी येऊन हॉर्न वाजवत राहिली, आणि शेवटी रिकामीच परत गेली.