बाळसं धरलेल्या म्हाताऱ्या

घाटंजीच्या बाजारात त्या दिवशी भाजीपाला कमी आणि म्हातारेच जास्त! वैद्यराज रामलालच्या तंबूसमोर काठ्या फेकून दिलेले आजे-आज्या नाचायचे तेवढे बाकी होते.

"ना देव, ना मंतर, ना अंगारा!" वैद्यराज भोंग्यावर गर्जत होता. "सूज म्हणजेच म्हातारपण! आपली कायाकल्प पुडी सूज खाते, माणूस जवान होते!"

गर्दीतली दीपा टाचा उंचावून पुढं पाहत होती, कारण तिची सासू मथुराबाई पहिल्या रांगेत होती. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच त्यांच्या घरातून देव-देवस्की हद्दपार झालेली. एखादा बुवा आला असता तर मथुराबाईंनी त्याला दारातही उभं केलं नसतं. पण चार महिन्यांपूर्वी हा लबाड जडीबुटीवाला म्हणून आला आणि थेट चुलीपर्यंत शिरला.

"मी कुठं देव मानून राह्यली व? औषध घेऊन राह्यली!" सासूबाई ठणकावायच्या. अन् गुडघ्यांची जुनी सूज खरंच उतरली. गाल असे गोल झाले, की शेजारीण चंदाबाई म्हणाली, "मथुराबाईनं तं बाळसं धरलं बाप्पा!" त्याच भरात वैद्यराजाचं ऐकून सासूबाईंनी शुगरच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. पुढं कापूस वेचताना पायात काटा रुतला. जखम भरेना, काळी पडू लागली. पाय कापावा लागतो की काय, या धास्तीनं दीपाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

म्हणूनच त्या दिवशी तिनं गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अकीलाला बाजारात ओढून आणलं होतं. रांगेकडे पाहताच अकीला म्हणाली, "दीपा, पाह्य, सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले!"

मग ती पुढं झाली. "वैद्यराज, एक पुडी तुम्हीच खाऊन दाखवा ना."

"मी तं जवानच आहे, बाई!"

"मंग अजून जवान व्हा!" गर्दीतून पुढं येत चंदाबाईनं पुडी त्याच्या तोंडाशी नेली. लोक खिदळले, "खाय, खाय!"

वैद्यराज घामाघूम होऊन ओरडला, "नाही! मले शुगर आहे!"



"जडीबुटीनं शुगर वाढते, हे तुम्हाले कसं माहीत?" असं विचारत दीपानं टेबलाखालची थैली उलटी केली. बदाबदा पडली ती स्टिरॉइडच्या गोळ्यांची पाकिटं आणि कुटायचा खलबत्ता! पोलीस येईपर्यंत चंदाबाईनं त्याची कॉलर सोडली नाही.

अकीलानं भोंगा घेतला. "सूज शरीराची राखणदार आहे. जखम झाली की धावून येते, काम झालं की जाते. पण वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसत राह्यली, तर सांधे, रक्तवाहिन्या, हृदय पोखरते, म्हातारपण लवकर आणते. एवढं हा खरं बोलला. पण स्टिरॉइड त्या राखणदारालेच झोपवते. दुखणं थांबते, इकडं शुगर भडकते, जखम चिघळते, तोंड फुगते. आता घाबरून पुडी एकदम बंदही करू नका. माह्याकडं या, हळूहळू सोडवू."

मथुराबाईंनी गाल चाचपले. "म्हंजे हे बाळसं नोहे? मंग माह्या गुडघ्यांचं काय?"

"तपासू. शुगर आवरा, वजन आवरा, झेपेल तेवढं चाला. म्हातारपण थांबत नाही मावशी, पण त्याले घाईनं बोलवायचं नाही."

महिना-दीड महिना अकीलाच्या उपचारांखाली राहून पाय वाचला. काठी परत आली, पण सासूबाई स्वतःच्या दोन पायांवर बाजारात आल्या, हे पाहून दीपाला रडू फुटलं. मथुराबाई मात्र बायकांना गाठून बजावत होत्या, "देव नाही मानला म्हंजे अक्कल आली, असं नाही व मायहो! कोणीबी पुडी देवो, पह्यले विचारा, यात आहे काय? सांगत नसन, तं खाऊ नका!"