आजीच्या हातची कटिंग

आजीच्या शोकसभेत तीन जणांनी उठून सांगितलं, की ती देवमाणूस होती. तिघांपैकी एकाच्याही मानेवर तिची कात्री कधी फिरलेली नव्हती.

आमच्या घरातल्या झाडून सगळ्यांचे केस आजी कापायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मागच्या खोलीत, खिडकीपाशी, स्टुलावर बसवून आणि गळ्याला जुनी चादर बांधून. न्हाव्याकडे जाणं म्हणजे परक्याच्या हातात गळा देणं, असं तिचं म्हणणं. तिला उजव्या डोळ्यानं कमी दिसायचं, त्यामुळे सगळ्यांची झुलपं एका बाजूला तिरकी चढत जायची. घरचं चष्म्याचं दुकान, पण पोटच्या दोन मुलांना तिनं कधी डोळे तपासू दिले नाहीत. शाळेत मला 'उतार' म्हणायचे.

पण कटिंग हे निमित्त होतं, खरं काम चौकशीचं. कात्रीचं टोक कानामागे टेकवायची आणि म्हणायची, "हं, बोल." मान हलवायची सोय नाही. बाबांच्या चोरून ओढलेल्या सिगारेटी, काकूनं फोडून गुपचूप पुरलेली बरणी, माझं गणित, सगळं त्या स्टुलावर बाहेर पडलं. पहिल्या उत्तरावर तिचा विश्वास नसायचा. कात्री तशीच ठेवून ती "आणि?" म्हणायची, मग खरं काय ते यायचं. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, यांची भांडणंही तिथेच मिटली. आजीच्या मायेबद्दल लोक भरभरून बोलतात. आमच्याकडे ती धाक दाखवून दिली जायची, आणि सांगायला लाज वाटते, पण उठताना खरंच हलकं वाटायचं.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. जायच्या दोन दिवस आधी तिनं कात्री माझ्या हातात ठेवली. "कात्री हिला. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मला नोकरी लागत होती. या घरात एकदा कात्री हातात घेतलेली बाई कुठे जात नाही, हे मी आजीकडे बघून शिकले होते. कात्री हातात घेतल्यापासूनच्या बावन्न वर्षांत ती गावाबाहेर एकदाच गेली होती, तीही काकाच्या अपेंडिक्सपायी. मी कात्री ड्रॉवरमध्ये ढकलली आणि वर टॉवेल ठेवले.

मग कुणी केसच कापेना. काका दुकानात पुढे बसून नजर तपासायचा, आणि गिऱ्हाइकं अक्षरांचा तक्ता सोडून त्याच्या जटांकडेच बघत बसायची. शेवटी चोपन्नाव्या वर्षी तो आयुष्यात पहिल्यांदा सलूनमध्ये गेला. न्हाव्यानं चादर बांधली, कानामागे गार कात्री लागली, आणि काका सवयीनं घडाघडा बोलायलाच लागला. "दुकानातला माझा हिस्सा विकायला काढलाय. दोन महिने बोलणी चालू आहेत. भावाला पत्ता नाही." बिचाऱ्या न्हाव्यानं घाबरून त्याला पाणी पाजलं आणि केस न कापताच घरी पाठवलं. बाकावर आमच्या घरासमोरचा इस्त्रीवाला नंबर लावून बसला होता. काका घरी पोचण्याआधी बातमी पोचली.

"केसानं गळा कापलास," बाबा म्हणाले, आणि त्यानंतर वीस दिवस दोघांत अबोला. काका पुढे नंबर काढणार, बाबा मागे काचा घासून फ्रेममध्ये बसवणार, आणि मधे चिठ्ठ्या पोचवायला मी. एका चिठ्ठीवरचा आकडा पुसट होता. बाबांनी विचारलं नाही, काकानं सांगितलं नाही, आणि एक आजोबा नवा चष्मा घालून दुकानाच्या पायरीवरच आपटले.

"आता तूच बघ बाई," आई मला म्हणाली. "कात्री तुझ्याकडे आहे." सोमवारी मला नोकरीवर हजर व्हायचं होतं, रविवारी एकची बस होती. जाऊ नकोस असं कुणीच म्हणालं नाही. फक्त माळ्यावरची बॅग कुणी काढून दिली नाही, आणि काकू रोज विचारायची, "पुढच्या महिन्यात गेलीस तर नाही का चालणार?"

रविवारी सकाळी काकानं आपणहून स्टूल खिडकीपाशी ओढलं आणि चादर बांधून बसला. बाबा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून. मी कात्री काढली. नुसते केस कापायचे आणि निघायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं. डावी बाजू नीट पार पडली. मग कात्रीचं टोक त्याच्या कानामागे गेलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हं, बोल."

आवाज थेट तिचा. माझीच तंतरली.

"बोललोय की सगळं," काका म्हणाला. "अख्ख्या गावाला माहीत आहे."

"आणि?"

त्यानं चादरीवरचे केस झटकले. मग म्हणाला, "डावा डोळा गेलाय गं. काचबिंदू. उजवाही चाललाय. लोकांचे नंबर मी कसे काढतो ते माझं मला माहीत. दादाला सांगितलं असतं, तर तो दोघांचं काम एकटा ओढत बसला असता. त्यापेक्षा विकून टाकलेलं बरं."

बाबांच्या हातातला पेपर खाली आला.

घड्याळात सव्वाबारा झाले होते. काकाचं अर्धं डोकं कापून झालं होतं, अर्ध्यावर जटा तशाच. उरलेलं कापायला दहा मिनिटं पुरली असती. पण मी ते पूर्ण केलं, तर पुढच्या महिन्यात बाबा बसणार, मग काकू, मग आई, आणि साठाव्या वर्षी मी याच खिडकीपाशी कुणाच्या तरी कानामागे टोक टेकवून उभी असणार, हे मला लख्ख दिसलं. मी कात्री बाबांच्या मांडीवर ठेवली.

"उरलेलं तुम्ही कापा."

"मला कुठे येतं?"

"तिला तरी कुठे येत होतं?"

काका फस्सकन हसला. अशा डोक्यानं त्याला खोलीबाहेर पडणंही शक्य नव्हतं. बाबा उठले, त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, कात्री कशी धरायची ते जरा चाचपडले. मग त्यांनी काकाचा कान हळूच दुमडला आणि विचारलं, "कधीपासून दिसत नाहीये, गाढवा?"

माळ्यावरची बॅग मी माझी मीच काढली. आई दारापर्यंत आली आणि तिनं माझ्या तिरक्या झुलपांवरून हात फिरवला. बस मिळेपर्यंत मी रडले नाही, मग मात्र पुढचे दोन थांबे रडले. आजीची आठवण येत होती. आजी असती तर तिनं मला जाऊ दिलं नसतं.