आदेशला पाहायला आयर्लंडचे पाव्हणे

माझा धाकटा भाऊ आदेश बायकोकडे नांदायला निघालाय, ही बातमी फुटल्यापासून आमच्या अंगणात जो येई तो चहा पिई आणि एक टोमणा टाकून जाई. शेजारचे लहानूकाका तर रोज विचारत, "काय आदेशभाऊ, ओटी कवा भरायची तुमची?" आदेश मान खाली घालून भेंडी निवडत बसे. एकदा माझ्यासमोर विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काका, त्याची राहू द्या, तुमची भरून तुम्हाले कुठं धाडू थे सांगा." तेव्हापासून मी माहेरी आले की काका चहा मुकाट्यानं पितात.

मी आर्वीला असते. शाळेत गणित शिकवते, आणि लोक म्हणतात तशी माझी जीभ जरा तिखट आहे. माहेर बोरगाव मेघेच्या पुढं, वावराला लागून. बाबा आणि आदेश भाजीपाला पिकवतात, सकाळीच माल वर्ध्याच्या बाजारात जातो. माझी भावजय गुंजन नर्स. लग्नाआधीपासून सावंगीच्या दवाखान्यात होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिला आयर्लंडात, कॉर्क नावाच्या गावी, नोकरी लागली आणि ती गेली. बाबांनी तिला अडवलं नाही. नवऱ्याला तिकडे बोलावून घेता येतं हे कळल्यावर आदेशलाही अडवलं नाही. "जा म्हना. वावर काई पळून नाई जात, मी हावो," एवढंच बोलले आणि विहिरीवरची मोटार सुरू करायला निघून गेले.

तर अर्ज करायचा होता. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून म्हणतात. त्यात व्हिसा पाहावा काढून हेही जोडायला हरकत नाही. तिकडच्या कचेरीला एकच गोष्ट पटवून द्यायची होती, की हे लग्न खरं आहे, नुसतं कागदावरचं नाही. त्यासाठी आपसातल्या फोनची यादी आणि दोघांचे एकत्र फोटो पाठवा, म्हणे. आई लगेच उठली आणि कपाटातून लग्नाचा अल्बम घेऊन आली. आमच्या आईचा, म्हणजे कुसुमबाईंचा, या अल्बमवर फार जीव. फोटोग्राफर स्वप्निलनं त्यात आदेश आणि गुंजनला आयफेल टॉवरपुढं उभं केलं होतं, बर्फाच्या डोंगरावर नेलं होतं आणि एका पानावर तर चक्क पाण्यातल्या होडीत बसवलं होतं. "हेच धाड," आई म्हणाली. "कसे राजा-रानीवानी दिसून राह्यले." आदेशनं पाठवून दिले. मला कुणी विचारलं नाही.

व्हायचं तेच झालं. तिकडून पत्र आलं. अर्जात लिहिलंय की अर्जदार भारताबाहेर कधीच गेलेला नाही. मग हे पॅरिसला कोण उभं आहे? शिवाय नवरा-बायकोचे आपसातले फोन फारसे दिसत नाहीत. खुलासा करा. फसवणूक ठरली तर अर्ज नामंजूर, आणि पुढं कित्येक वर्षं नवा अर्ज करता येणार नाही.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा आदेशच्या तोंडचं पाणीच पळालं. अर्ज गेला असता तर एक तर गुंजननं एवढी मिळवलेली नोकरी सोडून परत यायचं, नाही तर दोघांनी दोन देशांत म्हातारं व्हायचं. तिसरा रस्ता नव्हता.

"स्वप्निलकडून मूळ फोटो आण," मी म्हटलं. "डोंगर-बिंगर लावायच्या आधीचे."

त्यानं आणले. ते पाहून मला हसावं की त्याला धपाटा घालावा ते कळेना. मागं आमच्याच वावरातली वांगी. पुढं आदेश, शाळेच्या प्रार्थनेला उभा राहावा तसा, हात दोन्ही बाजूंना चिकटवून. आणि गुंजन पार तिकडच्या टोकाला. मधून आमची म्हैस सहज गेली असती. अल्बमात दोघांना जवळ आणलं होतं ते स्वप्निलच्या कॉम्प्युटरनं!

"इतक्या दूर काऊन उभे होते रे तुम्ही?" मी विचारलं.

"बाबा होते ना समोर," आदेश पुटपुटला.

हे आमच्या घरातलं जुनं दुखणं. आमच्याकडं त्याला लिहाज म्हणतात. बापासमोर पोरानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिच्याशेजारी बसायचं नाही, तिच्याकडं पाहून हसायचं तर नाहीच नाही. असा नियम कुणी केलेला नाही. बाबा नुसते खाकरतात, आणि त्या खाकरण्यात सगळं येतं.

तरी आम्ही ते वांग्यातले फोटो आणि खुलासा पाठवला. उत्तर आलं, की अमुक दिवशी व्हिडिओवर अर्जदाराची मुलाखत होईल, मराठी दुभाषी हजर असेल. मी बाबांना नीट समजावून सांगितलं.

"मंग पाहाले येऊन राह्यले, म्हन ना सरळ," बाबा म्हणाले.

"बाबा, हा पाहन्याचा कार्यक्रम नोहे."

"पोराले पाहतीन, चार गोष्टी इचारतीन, मंग घरी जाऊन कळोतीन, हो का नाई. आनखी काय असते पाहन्याच्या कार्यक्रमात?"

उत्तर सुचलं नाही की मी चिडते, तशी चिडले. पण बाबांचं ठरलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी आर्वीहून पहिल्या एसटीनं पोचले, तर घरात बैठक मांडलेली. दिवाणावर नवी चादर. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात. लग्न जुळवणारे म्हणून लहानूकाका पांढरी टोपी घालून भिंतीला टेकलेले. आदेशच्या केसांना आईनं एवढं तेल चोपडलं होतं की कपाळ चमकत होतं. मी टेबलावर माझा लॅपटॉप ठेवला, तर आईनं त्याच्यापुढं पोह्यांची बशी आणून ठेवली.

"आई, थे लोकं पडद्यातून खानार हायेत काय?"

"खाओ नाई त नको खाओ. आपन मांडलं पाह्यजे."

पडद्यावर दोन बाया आल्या. एक तिकडची अधिकारी, एक दुभाषी. दुभाषी बाईंचं मराठी अगदी पुस्तकातलं. "नमस्कार. अर्जदार कोण आहेत?"

"हा आमचा आदेश," बाबांनी सांगितलं. "आयटीआय झालं. मेहनती हाय. सुपारीचं खांडसुदिक खात नाई."

"पत्नी परदेशी केव्हा गेल्या?"

"लगन मीच जमोलं, मॅडम," लहानूकाका पुढं सरकले. "पोरीचे मामा आपल्या वळखीचे. लय चांगले लोक."

अधिकारी बाईंनी पोह्यांकडं पाहिलं, लहानूकाकांच्या टोपीकडं पाहिलं आणि हसू दाबत काहीतरी म्हणाल्या. दुभाषी बाईंनी सांगितलं की खोलीत फक्त अर्जदार थांबेल, बाकी सर्वांनी कृपया बाहेर जावं.

"पाव्हण्यायसमोर पोराले एकटं सोडू?" बाबांचा आवाज चढला. मी त्यांच्या दंडाला धरलं, काकांना डोळ्यांनी उठवलं आणि आईला बशीसकट बाहेर काढलं.

बाहेर म्हणजे कुठं, तर खिडकीखाली. एप्रिलचं ऊन, खिडकी सताड उघडी. आतला शब्द न् शब्द आम्हाला ऐकू येत होता आणि आम्हाला ऐकू येतंय हे आदेशला माहीत होतं.

"पत्नीशी रोज बोलता का?"

"आई बोलते."

"आणि तुम्ही?"

"कवामवा."

"काय बोलता?"

"हेच... पान्यापावसाचं."

मी कपाळावर हात मारून घेतला. इकडं बाबा सवयीनं खाकरले, तसा आतला आवाज आणखी बारीक झाला.

"तुमच्या पत्नीचा स्वभाव कसा आहे?"

"चांगला हाय."

"त्यांची आठवण येते?"

आतून नुसता खुर्ची करकरल्याचा आवाज. मला वाटलं, खिडकीतून आत उडी मारावी आणि याच्या पाठीत रट्टा घालावा. घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं. पाणी त्यालाच प्यावं लागतं. आत दोघी बाया हळू आवाजात बोलल्या. मग दुभाषी बाई म्हणाल्या, "अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की तुमच्या उत्तरांवरून तुम्ही दोघं एकमेकांना फारसं ओळखता असं वाटत नाही. आणखी काही सांगायचं नसेल तर आपण इथे थांबू या."

आई माझा हात धरून उभी होती, तो तिनं एवढा दाबला की बांगडी रुतली.

"थांबा मॅडम," आदेश म्हणाला. "बंद नोका करू."

आणि मग तो बोलला.

"थे रातपाळी करते. सुटते तवा इकडं दुपार असते. आईले फोन करते. मी तवा जेवाले घरी येतो. आई फोन कानाले नाई लावत, स्पीकरवर ठेवते, अन् मोठ्यानं इचारते, जेवली का, झोप झाली का, थंडी हाय का. आई थे माह्यासाठी इचारते. मले मालूम हाय, गुंजनलेबी मालूम हाय. मी बाजूले बसून लसून सोलत राह्यतो. काईच बोलत नाई. शेवटी गुंजन म्हनते, 'ठेवते आई, जेवून घ्या म्हना.' थे 'म्हना' मले असते."

दुभाषी बाई भाषांतर करायला थांबल्या असाव्यात. आदेशनं त्यांना पुरतं करूच दिलं नाही.

"मागं तिनं एक खुर्ची घेतली. एक होतीच तिच्याजवळ. आईनं इचारलं, एकटीले दोन खुर्च्या कायले वं? त थे बोललीच नाई काई. फोन तसाच चालू होता. मॅडम, त्या दिवसापासून मले जेवन जात नाई. थे डोंगराचे फोटो खोटे हायेत, आमी कुठंबी नाई गेलतो. वांग्यातले खरे हायेत. तिथं आमी दूर हावो, कारन बाबा समोर होते. बाबा आताबी खिडकीखाली हायेत, मले मालूम हाय. तरी सांगून राह्यलो. मले गुंजनजवळ जायचं हाय."

बाहेर कुणी कुणाकडं पाहिलं नाही. लहानूकाकांनी टोपी काढली आणि तिच्या आत काहीतरी शोधू लागले. गणिताची मास्तरीण म्हणून माझा दरारा आहे, पण मी ओढणीनं नाक पुसत होते. माझ्या या घुम्या भावाच्या पोटात एवढं होतं आणि मला पत्ता नव्हता, याचा मला राग आला आणि त्याचा अभिमानही वाटला.

बाबा आईला हळूच म्हणाले, "कवापासून स्पीकरवर ठेवून राह्यली वं तू?"

"थे गेली तवापासून. तुमी बजारात असता तवा."

बाबा खिडकीपासून दोन पावलं मागं सरकले. खाकरलेही नाहीत.

आत दुभाषी बाई बोलत होत्या. पुस्तकातलं मराठी असलं तरी आवाज आता जड झाला होता. "आदेश, अधिकारी तुमचे आभार मानतायत. निर्णय ईमेलनं कळेल."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आदेश दिवसातून इतक्यांदा मोबाईल पाही की भेंडीऐवजी त्यालाच पाणी घालतोय असं वाटावं. मला शाळेची सुट्टी लागली होती, म्हणून मी माहेरीच होते. एका दुपारी आम्ही सगळे गवारीच्या शेंगा निवडत बसलो होतो. त्या दिवशी बाबाही बाजारातून लवकर आले होते. आदेशचा मोबाईल वाजला, त्यानं वाचलं, आणि मोबाईल माझ्याकडं देऊन म्हणाला, "ताई, तू वाच. माह्या डोयाले काई दिसून नाई राह्यलं."

मी वाचलं. मंजूर. मी पुन्हा वाचलं, मग ओरडले. आईनं देवाला हात जोडले. लहानूकाका कुंपणापलीकडूनच म्हणाले, "आता त ओटी भराच लागते!" आणि या वेळी मीसुद्धा हसले.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. गुंजनची पाळी सुटायची हीच वेळ. आईनं सवयीनं फोन मधोमध ठेवून स्पीकर लावला. "आई, जेवल्या का तुमी?" गुंजन विचारत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

आई तोंड उघडणार, तर बाबा उठले. त्यांनी फोन उचलला, कुठलं बटन ते कळेना म्हणून माझ्यापुढं धरला, स्पीकर बंद करून घेतला आणि आदेशच्या हातात दिला.

"घे. तूच सांग."

"बाबा, आई पह्यले..."

"तुले देऊन राह्यलो ना? आत जाय."

आदेश आत गेला. मी त्याच्यामागं निघाले, तर बाबा दारात आडवे.

"बाबा, सगळे कागद म्या केले! मले ऐकू द्या ना!"

"तू त पह्यले चाल इथून," ते म्हणाले आणि मला शेंगांपाशी परत बसवलं.

आत आदेश काहीतरी पुटपुटला. मग आदेश हसला. मोठ्यानं, मोकळा. त्या घरात तो असा हसलेला मी कधी ऐकला नव्हता. बाबांच्या गळ्यात खाकर आली, त्यांनी ती गिळली आणि जमिनीकडं पाहत म्हणाले, "कुसुम, दार लोटून घे वं. ऐकू येऊन राह्यलं."

बाबांच्या तोंडून आईचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. आईनं लग्नातल्या उखाण्यात ऐकलं असेल तर असेल. ती लगबगीनं उठली, आणि उठताना तिच्या ओटीतल्या शेंगा सगळ्या अंगणभर सांडल्या.