काच मध्ये असू दे

"काच विसरू नकोस," सर म्हणाले होते.

"एवढं कळतं हो, सर," ती म्हणाली होती.

कळत होतंच. गार केलेले अणू निर्वात पेटीत. ते बघायचे पेटीच्या जाड काचेतून. काच किरणांना जरा वाकडं करते, म्हणून लेन्सने तेवढंच उलट वाकडं करायचं, की हिशेब चुकता. संगणकावरच्या आराखड्यात तिने ती काच अगदी मायेने बसवली होती. कॅटलॉगमधली साधी चार भिंगं, मध्ये कड्या, बाहेर नळी, की झाली घरची लेन्स. तयार लेन्स घ्यायची तर प्रयोगशाळेने वर्षभर दुसरं काही घ्यायलाच नको.

"शुक्रवारी अणू दिसले तर तुझी लेन्स," सरांनी सांगून टाकलं. "नाहीतर तयार मागवू आणि तू दुसरा विषय बघ."

पेटीला लावण्याआधी लेन्सची टेबलावर चाचणी झाली. अणूच्या जागी फॉइलला अतिसूक्ष्म भोक, मागे दिवा. पडद्यावर टाचणीच्या टोकासारखा ठिपका हवा होता. आलं धुकट वेटोळं.

तिने नळी उघडली. भिंगं पुसली, कड्या बदलल्या, एक भिंग उलटं करून पुन्हा सुलटं केलं. वेटोळं ढिम्म.

"बाळंतपणानंतर होतं असं," लेसर सांभाळणारा तिचा सहकारी म्हणाला. "माझी बहीण किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायची."

"माझ्या फ्रिजमध्ये किल्ल्या नसतात."

"बघितलंस?"

घरी जाऊन तिने बघितलं. नव्हत्या. हायसं वाटलं, याचीच तिला लाज वाटली.

गुरुवारी सकाळी ठकीला पाळणाघरात सोडलं. तिथला नियम एकच: पोर आत दिलं की आईने पुन्हा आत यायचं नाही, काय बघायचं ते बाहेरून, काचेतून. इतर आया एक नजर टाकून जातात. ही काचेला नाक लावून ठकीचा श्वास वर-खाली होतोय ना, ते बघत उभी. ठकी तर बसून ठोकळा चावत होती.

"अहो ताई," पाळणाघरातल्या मावशी दारातून म्हणाल्या, "तुमच्या नाकापायी मला काच पुसायला वेगळी बाई ठेवावी लागेल!"

ती ओशाळली. रुमाल काढून नाकाचा ठसा पुसू लागली आणि हात तिथेच थांबला.

काच.

आराखड्यात होती. टेबलावर नव्हतीच! फॉइल आणि लेन्स यांच्यात नुसती हवा, आणि बिचारी लेन्स नसलेल्या काचेची चूक इमानेइतबारे निस्तरत बसलेली.

धावत जाऊन तिने पेटीची जादा काच कपाटातून काढली आणि फॉइलपुढे उभी केली. ठिपका! टाचणीचं टोक!

"काय केलंस?" सहकाऱ्याने विचारलं.

"बारीक जुळवाजुळव."

त्याने काचेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "फ्रिजमध्ये होती का?"

आज शुक्रवार. लेन्स खऱ्या पेटीला लागली आहे. सर पाठीशी उभे, तिची बोटं फोकसच्या स्क्रूवर. पडद्यावर अणूंचा पुंजका हळूहळू गोळा होतोय. आता स्क्रू सुटला तर संपलंच.

"काच विसरली नाहीस ना?" सर विचारतात.

"एवढं कळतं हो, सर."

सहकारी खोकतो. पुंजका उजळतो, कडा स्पष्ट होतात. सर "अरे वा" म्हणतात, तेही तिला अर्धवटच ऐकू येतं. कारण ठकीचं अंग सकाळी किंचित कोमट लागलं होतं. मावशी फोनवर म्हणाल्या, "मजेत खेळतेय." पण मावशी सगळ्यांनाच तसं सांगतात.

तेव्हा वाचकहो, तिचे हात गुंतलेत. तुम्ही त्या बाजूने जाणार असाल तर पाळणाघराच्या काचेतून जरा डोकावाल? पिवळं टोपडं, डाव्या पायातला मोजा नेहमी गायब. खेळतेय ना, एवढंच बघा. आणि नाक टेकवू नका, मावशी ओरडतात.