भिंगरीचा खोकला

मळणीचं यंत्र सुरू झालं की भिंगरीचा खोकला सुरू व्हायचा. यंत्र तिच्या बापाचंच. दहा वर्षांची ही पोर एरवी एका जागी ठरायची नाही, पण भुसा उडाला की बांधावर उकिडवी बसून खोकत राहायची.

"नाटकं आहेत सगळी," बाप म्हणाला. "पोती धरायला नकोत."

"नाटकात बरगड्या आत ओढल्या जातात होय?" बायको म्हणाली. "कान लावून बघा. छातीत शिट्टी वाजतेय."

त्यानं कान लावला. यंत्र बंद करून परत लावला. मग तिघं मोटरसायकलवरून दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. काटा जेमतेम हलला. मग प्लास्टिकच्या नळकांड्यातून पंपाचं औषध दिलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला सांगितलं. काटा बराच पुढं सरकला.

"दमा आहे."

"दमा म्हाताऱ्यांना होतो, बाई."

"हिला कुणी सांगितलं नसेल."

पंप दोन मिळाले. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, वर चूळ भरायची. निळा दम लागला तरच. भुशाकडं फिरकायचं नाही. "आणि बरं वाटलं तरी तपकिरी बंद करायचा नाही," बाईंनी दोनदा बजावलं.

महिन्यात खोकला गेला. बापानं तपकिरी पंप कपाटावर टाकला. "धडधाकट पोरीला औषध कशाला? सवय लागायची."

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, भिंगरी शाळेतून आली ती चौकट धरूनच उभी राहिली. वाटेवरच्या शेतात मळणी चालली होती.

"बाबा... दम..." पुढचा शब्द फुटेना.

आईनं निळा पंप नळकांड्याला लावला. एक दाब, सावकाश श्वास, परत एक. बापाला गाडीची किल्ली सापडेना. ती त्याच्या हातातच होती.

दवाखान्यात औषधाची वाफ दिली, तेव्हा कुठं तासाभरानं छाती मोकळी झाली.

"तपकिरी पंप कुणी बंद केला?" बाईंनी विचारलं.

बायको छताकडं बघायला लागली.

"मी," बाप म्हणाला.

"यंत्राला वंगण कधी घालता? खडखडायला लागल्यावर?"

"छे! रोज सकाळी..." म्हणता म्हणता त्याची नजर पोरीकडं गेली.

दुसऱ्या दिवसापासून तपकिरी पंप त्याच्या ताब्यात. पोर चूळ भरेपर्यंत जागचा हलायचा नाही.

पुढच्या सुगीत एका सकाळी गडबडीत तो ट्रॅक्टर घेऊन निघाला, तर वळणावर मागून हाका. भिंगरी धावत आली.

"बाबा, पंप तुमच्याच खिशात राहिला, मी पाणी घेऊन कधीची उभी आहे, आणि आई म्हणते परत असं केलंत तर यंत्र ती चालवील आणि तुम्ही भाकऱ्या थापा!"

बापानं ट्रॅक्टर बंद केला.

"परत म्हण."

"काय?"

"तेच. सगळं. मधे न थांबता."